तीन महिन्यांपुरतं छप्पर

हर्मिना डायकहाउसला जगातली निम्मी माणसं आळशी वाटत आणि उरलेली निम्मी घाणेरडी. या दोन्हींत न बसणारी माणसं तिच्या मते मॅकबेन गावच्या दफनभूमीत होती, आणि तिथल्याही दोन-चार थडग्यांबद्दल तिचं मत निराळं होतं.

मॅकबेनला तिची आणि नवऱ्याची, गेरिटची, गाई-दुधाची शेती. पहाटे गोठा, रविवारी दोनदा प्रोटेस्टंट चर्च, आणि प्रवचन चालू असताना पेपरमिंटची गोळी दाताखाली न फोडता चोखायची, ही तिथे पिढ्यांपूर्वी येऊन स्थायिक झालेल्या डच घरांची रीत. घर स्वतःचं, सासऱ्यानं बांधलेलं. भाड्यानं राहणाऱ्यांबद्दल बोलताना तिच्या कपाळाला आठी पडायची. "ज्यांना स्वतःच्या खिडक्या पुसायचा कंटाळा, ती माणसं भाड्यानं राहतात," असं ती म्हणायची. तिची एकुलती एक मुलगी कार्ला लग्न करून दोन तासांवरच्या ग्रँड रॅपिड्स शहरात गेली आणि तिथे भाड्याच्या घरात राहू लागली, तेव्हापासून हे वाक्य ती जरा जास्तच मोठ्यानं म्हणू लागली होती.

जावई डस्टिन प्रुइट. डच नाही, चर्चचा नाही, शिक्षण जेमतेम. बंद पडलेल्या आणि भलतीकडे उभ्या केलेल्या गाड्या ट्रकला अडकवून ओढून नेणं हा त्याचा धंदा. "लोकांच्या गाड्या पळवतो," एवढ्यात हर्मिना त्याची ओळख आटपायची. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी तो तिला "मिसेस डायकहाउस" म्हणत होता, कारण दुसरं काही म्हण असं तिनं कधी सुचवलंच नव्हतं.

मग गेरिटच्या रक्तात बिघाड निघाला. ग्रँड रॅपिड्सच्या हॉस्पिटलात त्याची अस्थिमज्जा बदलायचं ठरलं. डॉक्टरीणबाई हे सांगत असताना हर्मिना तिच्या बुटांकडे बघत होती. बूट मळके होते. डॉक्टरीणबाई म्हणत होती, की उपचार झाले तरी लगेच गावी जायचं नाही. तीन महिने हॉस्पिटलपासून अर्ध्या तासाच्या आत राहायचं, सोबत सतत माणूस हवं. जागेत ओल नको, बुरशी नको, कुत्रं-मांजर नको, कुंडीतलं झाडसुद्धा नको. रुग्णांच्या नातेवाइकांसाठीचं निवासस्थान भरलेलं होतं.

"तुमच्या मुलीकडे राहता येईल का?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.

"तिच्याकडे दोन कुत्री आहेत," हर्मिना म्हणाली, "आणि एक जावई."

गेरिट पांघरुणाखाली हसला. तो मुळातच हसणारा माणूस. इतकी वर्षं तिच्याबरोबर काढायची तर दुसरा इलाजही नव्हता.

जानेवारीत गेरिट हॉस्पिटलात दाखल झाला, गोठा शेजाऱ्यावर सोपवून हर्मिना कार्लाकडे उतरली, आणि जागा शोधायला सुरुवात झाली. हर्मिना शेतात ट्रॅक्टर चालवायची, पण शहराच्या सहा पदरी रस्त्यावर गाडी घालायची तिची छाती नव्हती. हे ती असं सांगायची, की शहरातल्या लोकांना गाडी चालवता येत नाही. कार्लाला नोकरीतून सुट्टी मिळेना. राहिला डस्टिन. तो दोन कामांच्या मधे वेळ काढून तिला आपल्या ट्रकमधून न्यायचा. मांडीवर पर्स घट्ट धरून हर्मिना त्या उंच केबिनमध्ये बसायची, जणू पर्स पळवायलाच हे वाहन बनवलं होतं.

पहिली जागा नदीकाठच्या नव्या कोऱ्या इमारतीत. ट्रक आवारात शिरताच वरच्या मजल्यांवरून चार-पाच माणसं चपला फटफटवत बर्फात धावत आली. आपली गाडी ओढून न्यायला आलेत असं त्यांना वाटलं.

"बघ, तुझा काय लौकिक आहे," हर्मिना म्हणाली.

"चांगला आहे की," डस्टिन म्हणाला. "माणसं उठून स्वागताला येतात."

जागा दाखवणारा तरुण टोकदार बुटांचा आणि तेलकट केसांचा. तो म्हणाला, "आम्ही हिला इमारत म्हणत नाही. परिवार म्हणतो."

"परिवारात एखादी खोली रिकामी आहे का?"

त्यानं आधी व्यायामशाळा दाखवली, मग कॉफीचं यंत्र, मग पांढऱ्या फरशांची एक खोली. "ही कुत्र्यांच्या आंघोळीसाठी. कोमट पाणी, वर वाळवायचा पंखा."

हर्मिना तिथल्या टबाकडे बराच वेळ बघत राहिली. तिच्या सासूनं सात मुलं याच्यापेक्षा लहान घंगाळात वाढवली होती. "मला तीन महिन्यांसाठी जागा हवीय."

"आमचा करार तेरा महिन्यांचा असतो."

"वर्षाला तेरा महिने कुठल्या देशात असतात?"

तरुणानं एक ठेवणीतलं हसू काढलं. तीन महिन्यांचाही करार होईल म्हणाला, पण भाडं दुपटीच्या जवळपास, शिवाय फर्निचरचे पैसे वेगळे, आणि 'परिवारात प्रवेशाचे' वेगळे. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच असावा. हर्मिनानं पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली आणि कडकन फोडली. चर्चमध्ये हे तिनं जन्मात केलं नसतं.

दुसरी जागा एका तळघरात. मालक लायल नावाचा, सदऱ्यावर जेवणाचे नकाशे. दार उघडताच कुबट वासाचा भपकारा आला.

"वास येतोय," हर्मिना म्हणाली.

"कसला? मला तर काही येत नाही."

"तुला कसा येईल? तू त्यातलाच."

शेगडीवर एक मांजर झोपलेलं होतं. "ते भाड्यात धरलेलं नाही," लायल घाईनं म्हणाला. "आधीचा भाडेकरू सोडून गेलाय."

डस्टिन फिस्सकन हसला. हर्मिना त्याच्यावर उखडली. "हसतोस काय? तुला काय त्याचं! तू असल्याच घरात वाढलास."

"नाही, मिसेस डायकहाउस," डस्टिन शांतपणे म्हणाला. "आमच्याकडे मांजर नव्हतं. उंदरांनी राहू दिलं नसतं."

हे खरं की थट्टा, ते तिला कळलं नाही. विचारायचीही गरज वाटली नाही.

आणखी बऱ्याच जागा पाहिल्या. एका बाईच्या घरात स्वयंपाकघरभर कुंड्या, आणि त्या हलवल्या तर झाडं मनाला लावून घेतील म्हणे. एका गृहस्थानं विचारलं, की पेशंट मेलाबिला तर जागा तीन महिन्यांच्या आधीच रिकामी होईल का? हर्मिनानं त्याला एवढंच विचारलं, की त्याची आई हयात आहे का. आहे म्हणाला, तर म्हणाली, "बिचारी."

शेवटी तिनं ठरवलं, की जावयाच्या भरवशावर राहिलं तर गेरिटला ट्रकमध्येच झोपवावं लागेल. कार्लाच्या कॉम्प्युटरवर तिनं स्वतः शोध घेतला, आणि एका संध्याकाळी देवानंच हात धरल्यासारखी तिला जाहिरात सापडली. मालक आर्नल्ड फान डर मेर. अस्सल डच आडनाव. पत्नीसह परदेशी सेवाकार्याला गेलेला. तिच्या चौकशीला आलेल्या पत्रात लिहिलं होतं, 'भाड्यापेक्षा आम्हाला घराची काळजी घेणारं देवभीरू कुटुंब मोलाचं वाटतं. धूम्रपान नको, पाळीव प्राणी नकोत.' बरोबर घराचे फोटो. पांढऱ्या भिंती, लख्ख खिडक्या. प्रत्येक ओळ तिच्यासाठीच लिहिल्यासारखी. त्यानं पत्राच्या शेवटी गेरिटसाठी प्रार्थनाही केली होती. अनामत आणि पहिलं भाडं पाठवलं, की किल्ल्या टपालानं येतील.

पैसे पाठवायच्या खिडकीवर बसलेल्या मुलीनं विचारलं, "आजी, तुम्ही या माणसाला ओळखता ना?"

"त्याच्या आडनावाला ओळखते. पुरे आहे."

हॉस्पिटलात तिनं गेरिटला सांगितलं, की एका मिशनऱ्याचं घर मिळतंय, आणि ते तिनं स्वतः शोधलंय. किल्ल्या मात्र येईनात. पत्रांना उत्तरंही येईनात. शेवटी ती डस्टिनला म्हणाली, "एक घर नुसतं बाहेरून बघून येऊ."

फोटोतलंच घर होतं. त्याच खिडक्या. बेल वाजवली तर पिठानं भरलेल्या हातांची एक मेक्सिकन बाई दारात आली. हर्मिनाकडे, तिच्या पर्सकडे, मागे उभ्या ट्रकाकडे तिनं पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"अरे देवा, आणखी एक," ती म्हणाली. "बाई, हे घर आमचं आहे. आम्ही ते भाड्यानं देत नाही. कुणीतरी आमचे फोटो चोरलेत. तुम्ही पैसे पाठवलेत का हो? आत या, बसा जरा. कॉफी करते."

"घराचा नंबर चुकला," हर्मिना म्हणाली आणि पायऱ्या उतरली. शेवटच्या पायरीवर पाय घसरला. डस्टिननं दंड धरला नसता तर ती बर्फात बसली असती. तिनं दंड झटकून सोडवला.

डस्टिननं ट्रक सुरू केला.

"पोलिसांत जाऊ या," डस्टिन म्हणाला.

"कशाला?"

"मिसेस डायकहाउस, किती गेले?"

ती काचेबाहेर बघत राहिली. आडनाव बघून पैसे टाकले होते, आणि आडनावही चोरलेलं. हात दाखवून अवलक्षण. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मूर्खपणावर तोंडसुख घेतलं, आणि आता तिचा स्वतःचा मूर्खपणा उघडा पडला होता, तोही या माणसासमोर.

"मी कुणाला सांगणार नाही," तो म्हणाला.

"सांगण्यासारखं काही झालेलंच नाही."

डस्टिननं तरीही दुपारी तिला पोलीसचौकीत नेलं. तक्रार लिहून घेतली गेली, पैसे काही परत आले नाहीत. तो कुणाला सांगणार नाही यावर हर्मिनाचा काडीचा विश्वास नव्हता. आत्तापर्यंत कार्लाला कळलं असेल, गेरिटला कळलं असेल, त्याच्या गाडीओढ्या मित्रांत तर हशा पिकला असेल. माणसाला पडल्याचं जेवढं लागत नाही, तेवढं कुणी पाहिल्याचं लागतं. त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी बोलणं जवळजवळ सोडलं. दिशा दाखवायची तर नुसतं बोट करायची.

गेरिटला सोडायला आठवडा राहिला, तेव्हा डस्टिन म्हणाला, "माझ्या ओळखीची एक म्हातारी आहे. घराचा वरचा मजला रिकामा आहे. पण..."

"पण काय?"

"शहराच्या पश्चिमेला. पोलिश आहे. कॅथलिक."

हर्मिनानं डोळे मिटले. देवाला आपली परीक्षाच घ्यायची असली तर त्यानं निदान एका वेळी एकच पेपर काढावा, असं तिला वाटलं.

लिओकाडिया म्रोझ ऐंशीची होती आणि अंगणातला बर्फ स्वतः फावड्यानं उपसत होती. फावडं न ठेवताच तिनं विचारलं, "ही कोण?"

"माझी सासू."

"डच?"

"डच," हर्मिना म्हणाली.

"मग आधीच सांगते, घासाघीस चालणार नाही. तुम्ही लोक स्वर्गाच्या दारातही तिकीट अर्ध्या दरात मागाल."

"आणि तुमचे लोक तिकीट दारूच्या गुत्त्यात विसरून येतील."

म्हातारीनं फावडं भिंतीला टेकवलं. "ये वर," ती म्हणाली.

वरच्या जागेत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. हर्मिनानं हातमोजा काढला, फ्रिजच्या माथ्यावरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ. दाराच्या चौकटीवरून फिरवलं. स्वच्छ. पलंगाखाली वाकून पाहिलं, नळाखालचं कपाट उघडून वास घेतला. कुठेच काही सापडेना, तसतशी ती चिडत गेली.

"धुवायला काय वापरता?"

"व्हिनेगर आणि सोडा. दुकानातलं सुगंधी पाणी आळशी बायकांसाठी."

हे वाक्य हर्मिना मॅकबेनच्या बायकांना वर्षानुवर्षं ऐकवत आली होती. ते एका कॅथलिक बाईच्या तोंडून ऐकताना, कुणीतरी आपल्याच कपाटातला झगा घालून समोर आल्यासारखं तिला वाटलं.

शेगडीच्या वर मेरीमातेचं चित्र होतं. निळा पदर, सोनेरी चौकट. हर्मिनाच्या चर्चला असली चित्रं म्हणजे मूर्तिपूजा.

"हे काढावं लागेल."

"ती इथे माझ्या लग्नापासून आहे. ती राहणार. तू राहायचं की नाही ते तू ठरव."

"करार किती महिन्यांचा?"

"करार कशाला? नवरा बरा झाला की जा. मी कागद वाचत नाही, माणूस वाचते. तुला वाचून मला काही आनंद झालेला नाही."

"मग जागा देता कशाला?"

म्हातारीनं डस्टिनकडे हनुवटी उडवली. "ह्या पोरानं गेल्या हिवाळ्यात माझी गाडी खड्ड्यातून काढली. पैसे घेईना, म्हणून आमच्या उकडलेल्या करंज्या, पिएरोगी, खाऊ घातल्या. सासूबद्दल विचारलं तर म्हणाला, कडक आहे पण सरळ आहे. आज पाहिली. पोरगा फारच मऊ बोलतो."

फेब्रुवारीत गेरिट त्या जागेत आला. डोक्यावर एक केस नाही, तोंडावर मास्क, हाताच्या शिरा दोरीसारख्या. रोज सकाळी तो मेरीमातेला "नमस्कार, बाई" म्हणायचा. हर्मिनानं चित्रावर भांडी पुसायचा टॉवेल टाकला. म्हातारी सूप घेऊन वर आली, टॉवेल काढला, घडी घालून ओट्यावर ठेवला आणि गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा टॉवेल, पुन्हा घडी. या विषयावर दोघींत एक शब्द झाला नाही. आठवड्याभरानं हर्मिनाला टॉवेल भांड्यांसाठीच कमी पडू लागले, असं तिनं गेरिटला सांगितलं.

संध्याकाळी डस्टिन भाजी-दूध आणून द्यायचा. गेरिट कंटाळलेला. एकदा म्हातारीनं एप्रनच्या खिशातून पत्ते काढले. मॅकबेनच्या चर्चमध्ये पत्ते म्हणजे सैतानाची पानं. तिथल्या जुन्या घरांत ती पानं कधी शिरली नव्हती. गेरिटनं मात्र गड्डी हातात घेतली आणि सराईत माणसासारखी फर्र्कन पिसली.

"तू हे कुठे शिकलास?" हर्मिना किंचाळलीच.

"सैन्यात."

"आणि मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू कधी विचारलं नाहीस."

खेळ होता युकर. त्याला चौघं लागतात, दोघं एका बाजूला, दोघं दुसऱ्या. पण तिघांतच ते कसंबसं भागवू लागले, आणि हर्मिना पाठ फिरवून धुतलेली भांडी पुन्हा धूत राहिली. मार्चमध्ये गेरिटला ताप भरला. पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा नळ्या. त्या दिवसांत हर्मिना त्याच्या पलंगाशी बसून असायची, आणि कुणाचे बूट मळके आहेत हे तिला दिसतही नव्हतं. ताप उतरला, तो परत आला. जिना चढताना डस्टिननं त्याला जवळजवळ उचललंच.

दोन दिवसांनी गेरिट म्हणाला, "मिना, तिघांत मजा येत नाही. बस ना."

"सैतानाची पानं हातात घेऊ?"

"सैतान मला गेल्या आठवड्यात भेटला. त्याला पत्त्यांत रस नाही."

ती बसली. भिडू म्हणून तिच्या वाट्याला समोरचा डस्टिन आला. हुकमाच्या रंगात गुलाम सगळ्यांत मोठा, राजा-राणीलाही तो खातो, हे त्यानं समजावलं.

"गुलाम राजाला मारतो? कुठल्या कॅथलिकानं काढला हा खेळ?"

"जर्मनांनी," म्हातारी म्हणाली. "पान टाक, डचीण."

तिसऱ्या डावात गेरिटनं पानं लावता लावता सहज विचारलं, "मिना, त्या मिशनऱ्याच्या घराचं काय झालं गं? मिळतंय म्हणाली होतीस."

हर्मिनाचा हात थांबला. तिनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. डस्टिन खाली मान घालून आपली पानं बघत होता. "घर लहान होतं," तो म्हणाला. "मीच नको म्हटलं."

एवढे आठवडे ती धरून बसली होती, की यानं सगळीकडे डांगोरा पिटला असणार. त्याच हिशेबानं तिनं त्याच्या दुधाच्या बाटल्या निमूट घेतल्या होत्या, त्याला कधी बस म्हटलं नव्हतं, आभार तर लांबच. तिचा रागच निराधार निघाला. आपला राग असा उघड्यावर पडलेला पाहून तिला जावयाचाच नव्यानं राग आला.

"कार्लाला सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"तुम्ही म्हणालात ना, सांगण्यासारखं काही झालेलं नाही."

हर्मिनानं पानं पालथी ठेवली. "घर लहान नव्हतं," ती गेरिटला म्हणाली. "घर होतं दुसऱ्याचं. मी पैसे पाठवले आणि फसले." मग तिनं सगळं सांगितलं, आडनाव, प्रार्थना, पिठाचे हात, पायरी. मधे थांबली नाही. सांगून झाल्यावर गेरिट इतका हसला, की त्याचा मास्क कपाळावर गेला.

"आडनाव बघून पैसे दिलेस?" म्हातारी म्हणाली. "मूर्ख बाई."

"हो," हर्मिना म्हणाली. हे उत्तर तिनं आयुष्यात कुणाला दिलं नव्हतं. मग पानं उचलून डस्टिनकडे वळली. "आणि तू गुलाम हातात धरून काय बसलायस? टाक ना, गाढवा! आपण हरतोय."

डस्टिननं गुलाम टाकला. तो डाव त्यांनी जिंकला, नंतरचे दोन हरले, आणि दोन्ही वेळा चूक डस्टिनचीच होती असं ठरलं.

मे उजाडला तेव्हा डॉक्टरांनी गावी जायची परवानगी दिली. निघायच्या सकाळी हर्मिनानं खिडक्या आतून-बाहेरून पुसल्या. म्हातारीला तरीही एका काचेवर रेघ दिसली. रेघ काचेची आहे की उन्हाची यावर दोघी पंधरा मिनिटं भांडल्या. खाली ट्रकमध्ये गेरिट आणि डस्टिन वाट बघत बसले होते.

"तपासणीला पुन्हा याल ना?" म्हातारीनं शेवटी विचारलं. "वरची जागा रिकामी असेल. मी ती वाटेल त्या भिकार माणसांना देत नाही."

"आम्ही हॉटेलात उतरू," हर्मिना म्हणाली.

ऑगस्टात गेरिटच्या तपासणीसाठी ते पुन्हा शहरात आले आणि पाच दिवस म्रोझबाईंच्या माडीवर राहिले. सगळी हॉटेलं भरलेली होती, असं हर्मिना सांगते. तिनं एकाही हॉटेलाला फोन केला नव्हता, असं गेरिट सांगतो.